एक टाकी, नऊ दिवस

नऊ दिवस? एक टाकी नऊ दिवस — हे कुणी सांगितलं तुम्हाला? नाही, आधी ते सांगा, मग तुमची गाडी बघू. बेकरीवाल्याने ना? वाटलंच मला. म्हणाला असेल, हीटरवाल्याकडे जा, तो असा हीटर बसवून देतो की कानालाही कळत नाही आणि टाकीलाही कळत नाही — हेच म्हणाला ना? शब्द न् शब्द तोच. माझेच शब्द आहेत ते, त्याने उचललेत. बसा. त्या खुर्चीवर नको हो, तिचा एक पाय गेलाय, त्या डब्यावर बसा, हां. काय? जरा मोठ्याने बोला — तो आवाज ना, तो मागच्या अंगणातून येतोय, पत्र्यापलीकडून. जुना हीटर आहे एक, चालवून बघतोय. घर्रघर्र करतोय तो पंखा, आणि मधे मधे टक् टक् वाजतोय तो डिझेलचा पंप. होईल सवय, दुर्लक्ष करा. तर बेकरीवाला. पाव कच्चे भाजतो आणि गावभर सल्ले वाटत फिरतो.

दारावरची पाटी बघितलीत येताना? कशी बघाल, खरवडून काढली मी ती. लिहिली होती मीच, निळ्या रंगात, पट्टी लावून, अक्षर न् अक्षर सरळ — 'आवाज शून्य. एक टाकी, नऊ दिवस.' आणि खरवडलीही मीच, पटाशीने, गेल्या महिन्यात. त्या नऊची शेपटी राहिलीय बघा अजून, ती निघत नाही, पत्राच सोलला जातो. तर नऊ दिवस डोक्यातून काढा. तीन दिवस. कडाक्याची थंडी असेल आणि माणूस दिवसभर आत बसून असेल तर टाकी जाते तीन दिवस, फार तर साडेतीन. शांत हीटर घ्या नाहीतर बोंबलणारा घ्या, तीनच दिवस. नऊ म्हणणारा खोटारडा — तो मीच होतो, माहीत आहे मला, तुम्ही हसू नका.

आणि शांतच कशाला पाहिजे हो? सगळ्यांना शांत पाहिजे. येतो तो हेच म्हणतो — मला आवाज चालत नाही, माझी झोप हलकी आहे, आम्ही निसर्गात जातो. निसर्गात! मी उचलतो हो यांच्या गाद्या. राहायची गाडी म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद डबा, त्यात पलंग, त्यात शेगडी, त्यातच पाण्याची टाकी, पलंगाखाली संडासाची पेटी — आणि वर दोन माणसं श्वास सोडतायत. तो श्वास जातो कुठे? पत्र्याला लागतो, त्याचं पाणी होतं, ओघळतं आणि गादीत मुरतं. गादी उचलली की खाली काळी बुरशी, केसाळ, आणि ओल्या मोज्यांचा वास — शी! आणि हेच लोक रंगीत उशांचे फोटो काढून दाखवतात, किती ऊबदार म्हणे. तुमच्याही गाडीत डोकावलो मी मघाशी, तुम्ही त्या कुलपाशी झटत होतात तेव्हा. गादी उलटी करून घातलीय. डाग खाली गेला म्हणजे गेला का? आणि खिडक्यांना नवे पडदे, फुलाफुलांचे. कुणासाठी, ते विचारायचंय मला, पण विचारतो नंतर.

हीटर म्हणजे काय असतं, सांगू? एक भांडं. त्यात थेंब थेंब डिझेल जळतं, पंखा गाडीतली हवा त्या तापल्या भांड्यावरून फिरवतो, धूर नळीने बाहेर. झालं. टक् वाजलं की एक थेंब पडला. आमच्या धंद्यात कान हाच मीटर. टक् — टक् — सावकाश वाजतोय म्हणजे आत ऊब झालीय. टक्टक्टक् भरभर वाजतोय म्हणजे गाडी गार आहे, झगडतोय बिचारा. पंखा कण्हायला लागला की धूळ बसलीय. मी इथे पाना घेऊन बसलेला असतो, अंगणात चार गाड्या चालू असतात, आणि मान वर न करता सांगतो, तिसऱ्या गाडीचं दार उघडं राहिलंय. तीस वर्षं ऐकतोय. आणि लोक माझ्याकडे येतात ते कशासाठी? तर हा आवाज मारून द्या म्हणून. द्यायचो मी मारून. माझ्याइतका सफाईने कुणी मारत नव्हतं.

बरं, गाडी लावणार कुठे? डोंगरात? तळ्याकाठी? — कुठेच नाही? म्हणजे काय, घरामागेच? उभीच राहणार? मग राहणार कोण आत, तुम्ही दोघं नवराबायको घर सोडून येणार का? — नाही. मग? अहो बोला की, मी काही पोलीस नाही. काय म्हणालात? मोठ्याने. वडील.

हां. वडील. वय? एक्याऐंशी. आणि चार दिवसांचाच प्रश्न आहे. हो हो, चारच दिवस. मुलाची परीक्षा आहे, खोली मोकळी हवी, आजोबा सारखे मधे मधे येतात. बरोबर आहे. म्हणजे पडदे त्यांच्यासाठी. बायकोने शिवले? छान शिवलेत. चार दिवसांसाठी शिवले पडदे. आम्हीही चारच दिवस म्हणालो होतो — म्हणजे लोक म्हणतात. सगळे चारच म्हणतात. — काय? बेकरीवाल्याने तेही सांगितलं? 'त्याची स्वतःची आई तशीच राहते, मजेत आहे, मी डोळ्यांनी पाहिलं' — असं म्हणाला? आणि म्हणून तुम्ही आलात. म्हणजे घरी तुम्ही हेच सांगितलं असणार, की हीटरवाल्याची आई राहते तर आपल्या वडिलांना काय धाड भरलीय. वा. वा वा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. नाही, उठू नका. बसा. आता आलाच आहात तर ऐकूनच जा.

आई आधी एकटी राहायची, ठणठणीत राहायची. पडली, मांडीचं हाड मोडलं, मग इथे आणली. आम्ही वर राहतो, या दुकानाच्या डोक्यावर — दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मी, बायको, दोन मुली. जिना बाहेरून, लोखंडी, सतरा पायऱ्या. फ्रिज मी एकट्याने चढवलाय त्या जिन्यावरून, पाठीला पट्टा बांधून, शेजारी बघत उभे होते. तर आईने दोन महिने वर काढले. पण वर आली की खाली उतरता येत नाही आणि खाली आली की वर चढता येत नाही, डॉक्टरकडे न्यायची म्हटलं की दोघं लागतात धरायला. आणि अंगणात एक कॅम्पर, तुमच्यासारखीच राहायची गाडी, पडून होता, कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. छोटा, पांढरा, गोल पाठीचा. आणि खरं सांगतो तुम्हाला, तीच म्हणाली — मला आपला तो डबाच बरा, जमिनीला टेकलेला, तुमच्यात अडगळ नको. तीच म्हणाली. आम्ही नाही. आम्ही फक्त त्याआधी पंधरा दिवस जेवताना जिन्याबद्दल बोलत होतो, एवढंच. जिना किती उंच, जिना किती वाईट, लोखंडावर दव पडलं की पाय कसा सटकतो, अमक्याची आजी कशी पडली. रोज भाजीबरोबर जिनाच वाढत होतो ताटात. मग म्हणाली ती. शहाणी आहे. तिला दोनदा सांगावं लागत नाही.

तर त्या गाडीत जुना ठोकळा हीटर होता. हाच — म्हणजे असाच. थंडी पडली, आई दिवसभर चालू ठेवायची, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या गाडीच्या डोक्यावर. जेवायला बसलं की घर्र. मुली अभ्यासाला बसल्या की टक् टक्. बायको म्हणाली, अहो, डोकं उठलं माझं, जगाचे हीटर शांत करता आणि आपल्याच दारात हा भुंकतोय, दिव्याखाली अंधार तो हाच. बायको म्हणाली, हां. म्हणून मी घेतलं काम हातात. चार रविवार घातले. पंपाखाली रबराचे चार गोळे, स्वतः कापलेले. हवेच्या नळीला सायलेन्सर, धुराच्या नळीला दुसरा. पंखा नवा, आणि त्याच्या एकेका पात्याची कड काचकागदाने घासलेली. पेटीला आतून काचलोकरीचं अस्तर. चालू केला आणि बाहेर येऊन उभा राहिलो — काही नाही. पत्र्याला कान लावला — काही नाही. असं काम मी जन्मात केलं नव्हतं, साहेब. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. बायकोने वरून विचारलं, बंद पडला का? म्हटलं, चालू आहे! आणि आम्ही दोघं हसलो. त्या दिवशी जेवताना इतकी शांतता, की मुलीने मीठ घेतलं तर डबीत चमचा वाजलेला ऐकू आला. देवा, किती बरं वाटलं मला.

मग काय, मागे जायची गरजच पडेना. आधी कसं, आवाज बदलला की मी उठायचो — पंप भरभर वाजला की दार लागलं नसेल, घर्र थांबली की टाकी संपली असेल — दिवसातून चार-पाच चकरा व्हायच्या, आणि गेलं की ती काहीतरी बोलायची, मी काहीतरी बोलायचो, वेळ जायचा. आता बोलावणारं कुणी उरलं नाही. थोरली मुलगी ताट नेऊन द्यायची. माझ्याकडे टाकी भरण्याचं काम, दर तिसऱ्या दिवशी. तर शांत हीटर लावला आणि टाकी गेली पाच दिवस. म्हटलं, व्वा! मग सात. मग नऊ. अहो, कुणी परका येऊन मला म्हणाला असता ना, की रबराचे चार गोळे लावले म्हणून डिझेल तिप्पट पुरतं, तर मी त्याला पाना फेकून मारला असता. पण स्वतःच्या हातचं होतं! आपला तो बाब्या. मला वाटलं माझंच कसब. रंग आणला, ब्रश आणला, पाटी लिहिली. येईल त्याला सांगायचो, नऊ दिवस, माझ्या आईच्या गाडीत लावलाय, खोटं वाटत असेल तर — काय? हो. बरोबर ओळखलंत. तुम्हाला दोन मिनिटांत कळलं, मला दीड महिना कळलं नाही. चालू असलेला शांत हीटर आणि बंद असलेला शांत हीटर, बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

बेकरीवाला आला त्याच्या गाडीसाठी, तळ्यावर मासे धरायला जातो तो. म्हणाला, चालू दाखवा. म्हटलं चला, आईकडेच दाखवतो. दार वाजवलं नाही, सरळ उघडलं — मुलगा ना मी. आई पलंगावर बसलेली, पाठ भिंतीला, अंगात दोन स्वेटर, वर वडिलांचा जुना कोट, मांडीवर रजई, आणि हातात पायमोजे घातलेले. हातात, हां. आणि मी बोलत सुटलो. बघा, ऐकू येतंय काही? कान लावा. नाही ना? हात धरा त्या हीटरच्या जाळीपुढे. त्याने धरला. म्हणाला, गार आहे हो. हळूच म्हणाला, लाजल्यासारखा. आणि ओट्यावर वाडग्यात आईची कवळी होती, पाण्यात घालून ठेवलेली, आणि त्या पाण्याचा बर्फ झाला होता. वरचा पापुद्रा नव्हे, बर्फ, दात आत अडकलेले. ते मी बघितलं, बेकरीवाल्याने बघितलं, आणि आम्ही बघतोय हे आईने बघितलं.

तर ती बोळक्या तोंडाने हसली आणि म्हणाली — आत्ताच बंद केला रे, फार गरम व्हायला लागलं, जीव घाबरला. गरम! ते म्हणताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मुलाचं नाक कापलं जाऊ नये म्हणून. आणि मी काय केलं? विचारा ना. मी हसलो. मोठ्याने हसलो, बेकरीवाल्याच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, बघा! बंद करावा लागतो इतकी ऊब! आणि तोही हसला, आणि गाडी ठेवून गेला माझ्याकडे, आणि मी बसवून दिला त्याला हीटर. त्याच जाळीपुढे हात धरला होता त्याने, त्याला माहीत आहे, तरी सांगत फिरतोय — डोळ्यांनी पाहिलं, म्हातारी मजेत आहे. किळस येते मला त्याची. त्याचा पाव घशाखाली उतरत नाही माझ्या. आणि गंमत बघा, तो वेगळं काही बोलत नाहीये. मी जे बोललो तेच बोलतोय.

संध्याकाळी गेलो आईकडे, विचारलं, बंद का ठेवतेस? आधी म्हणाली, विसरते. मग म्हणाली, बटण कडक आहे. मग मी ओरडलो, तेव्हा म्हणाली — अरे, आधी त्या घरघरीत मला वरचं काही ऐकू यायचं नाही, आता खिडकीतून सगळं खाली येतं. तू म्हणालास ना जेवताना, तिसरा दिवस आला की अंगावर काटा येतो, परत उतरा, परत तो कॅन उचला, परत ती टाकी. म्हणून म्हटलं, जरा पुरवावी. तुला सतरा पायऱ्या पडतात रे. — तुला सतरा पायऱ्या पडतात, हे ती मला म्हणाली. ताट यायच्या वेळेला तेवढा तासभर लावायची, नातीला गार लागू नये म्हणून. म्हणून पोरीलाही कळलं नाही. पोर म्हणायची, आजीकडे छान ऊब असते.

मी तिथल्या तिथे तो शांत हीटर उपटला. फेकून दिला — नाही, फेकला नाही, तो काय कपाटावर, कापडात गुंडाळून ठेवलाय. हात लावू नका. आणि जुना ठोकळा परत बसवला. हो, तोच हा. चालवून-बिलवून काही बघत नाहीये मी, आई आहे मागे. हे जे इतका वेळ घर्र चाललंय ना, ती ऊब आहे तिची. मी इथे बसतो आणि ऐकतो. थांबली की उठतो, जाऊन चालू करून येतो. तर आता तिची नवी तऱ्हा — दुकानात गिऱ्हाईक आलं की ती बंद करते. म्हणे तुला ओरडून बोलावं लागतं, घसा बसेल तुझा, गिऱ्हाईक परत जाईल. मी चालू करतो, ती बंद करते, दिवसभर हाच पोरखेळ. — काय? मान कशाला वळवताय तिकडे? पत्राच आहे तो. इकडे बघा, मी बोलतोय ना!

तर तुमच्या वडिलांचं. शांत मी बसवणार नाही. कुणालाच बसवत नाही आता, आणि तुम्हाला तर नाहीच. असा घर्रघर्र करणारा ठोकळा बसवून देतो, आणि गाडी लावायची ती तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, ही माझी अट. का म्हणजे? थांबला की कळायला नको तुम्हाला? वडिलांना त्रास होईल म्हणता? कान कसे आहेत त्यांचे? — कमी ऐकू येतं. किती कमी? दाराची घंटा ऐकू येत नाही. अहो मग शांत हीटर कुणासाठी? त्यांना तर आगगाडी गेली तरी कळायचं नाही, मग शांतता कुणाला हवीय? तोंड वर करून सांगा ना! तुमच्यासारखे येतात आणि मला —

काय म्हणालात? मग आईला वर का नेत नाही? वा. वा साहेब. बापाला अंगणात काढायला निघालेला माणूस मला विचारतोय. सांगितलं ना, सतरा पायऱ्या — हो, नेला फ्रिज. फ्रिज नेला. आईचं वजन फ्रिजच्या निम्मंसुद्धा नसेल, हे मला तुम्ही सांगायला नको. बायको? बायको कधीची म्हणतेय, आणा वर, बाहेरच्या खोलीत पलंग टाकू, तिला उतरायचं कशाला हवंय रोज. बायको ती कवळी बघून रडली हो. मघाशी बायकोवर घातलं ना मी, डोकं उठलं म्हणाली म्हणून, ते खोटं. ती नव्हती म्हणाली. मी म्हणालो होतो. मलाच नकोय ती वर. मला! ऐकलंत? सहन होत नाहीत मला तिचे आवाज. माझ्याकडे कानांशिवाय आहे काय दुसरं, सगळं ऐकू येतं मला. घास चावताना कवळी वाजते तिची. चहा पिताना सुर्रर्र. घसा खाकरते, कफ वर येतो, तोंडात घोळवते आणि परत गिळते — कुठवर आलाय ते कळतं मला, साहेब, पंपातला थेंब कळावा तसं. चपला फरफटत चालते. नुसता श्वास घेतला तरी शिट्टी. दोन महिने ती वर होती आणि मी भिंतीकडे तोंड करून जेवत होतो. जिने माझं गू-मूत काढलं, आजारपणं काढली, तिला कधी माझी किळस आली नाही, आणि मला तिचं चहा पिणं चालत नाही. जिन्याची गोष्ट मीच काढली होती जेवताना, रोज, मीच. हीटर शांत करायचा नव्हता मला, समजलं? तिला शांत करायचं होतं. आणि केलं ना! सांगा, चांगलं काम केलं की नाही मी —

काय? खुणा कसल्या करताय?

थांबा.

बंद आहे. बंद आहे हो! कधी झाला? मला कळलं कसं नाही — मला, मला कळलं नाही! तुम्हाला कळलं होतं. मघाशी मान वळवलीत ती म्हणून? तेव्हाच? म्हणजे तुम्ही वर न्यायचं विचारलंत त्याच्या आधी. म्हणजे फ्रिजच्याही आधी. चहाच्या आधी. अहो मग बोलायचं नाही का, एवढे बसलात ते ऐकत — नखाएवढा पत्रा आहे मधे, चार पावलांवर पलंग आहे तिचा —

हळू. हळू बोला.

आई! अगं काही नाही, गिऱ्हाईक आहे! चालू कर ते, गार पडेल!

ऐकलंत? काय म्हणाली ऐकलंत? म्हणते, तुम्ही बोला निवांत, मला इथे काही ऐकू येत नाही.

जा तुम्ही आता.